केळ्यांना दिलेला दम

माझ्या नोकरीबद्दल कोणी विचारलं की मी एका वाक्यात सांगते, “मी केळी पिकवायचे.” मग समोरचा हमखास विचारतो, “किती एकर?” त्यात त्याची चूक नाही. आपल्या भाषेत शेतकरीही पिकवतो आणि मीही पिकवते. फरक इतकाच की शेतकऱ्याचं काम जिथे संपतं तिथे माझं सुरू व्हायचं. हिरव्यागार, दगडासारख्या केळ्यांनी भरलेली खोली माझ्या ताब्यात यायची आणि चार-पाच दिवसांनी मी ती केळी पिवळी करून बाहेर काढायचे. मधल्या दिवसांत मी नेमकं काय करते, हे माझ्या नवऱ्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही. गेल्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा समारंभाचे पाहुणे म्हणाले, “शैलाताईंनी केळ्यांवर पोटच्या पोरासारखी माया केली.” माया कसली डोंबलाची! मी त्यांचा श्वास सांभाळला, बस्स.

हसू नका. झाडावरून लोंगर, म्हणजे केळ्यांचा अख्खा घड, उतरवला की केळं मेलं असं आपण धरून चालतो. ते मेलेलं नसतं. त्याच्या प्रत्येक पेशीत संसार चालू असतो आणि संसार म्हटला की चूल आलीच. पेशीतल्या चुलीला पुस्तकात तंतुकणिका म्हणतात. शाळेत तिचं चित्र काढताना आत नागमोडी रेषा काढाव्या लागत, तीच ती. त्या चुलीत साखर जळते. पण साखरेचा अख्खा ओंडका एकदम पेटवला तर घरच पेटायचं, म्हणून पेशी त्याच्या बारीक चिरफळ्या करते आणि एकेक करून चुलीत सारते. निघालेली ऊर्जा लहान लहान पुड्यांत बांधून ठेवते आणि लागेल तशी खर्चते: रंग बदलायला, पिठुळ गराची साखर करायला, वास आणायला. चुलीला ऑक्सिजन लागतो. धूर म्हणावा तर कार्बन डायऑक्साइड निघतो, थोडं पाणी निघतं आणि पुड्यांत न मावलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते.

याला श्वसन म्हणतात. छाती वरखाली होते तो श्वासोच्छ्वास, आणि तो केळ्याला नसतो. श्वसन मात्र केळ्यालाही आहे, तुम्हालाही आहे, आणि हा लेख वाचता वाचता तुम्हाला डुलकी लागली तरी ते थांबत नाही.

पिकायला लागलेलं केळं तर जिना चढल्यासारखं धापा टाकतं. म्हणून माझं काम तीन गोष्टींचं. एथिलीन नावाचा वायू खोलीत थोडासा सोडायचा, म्हणजे ‘चला, आता पिकायचंय’ असा निरोप सगळ्यांना एकदम पोचतो. त्यांच्या चुलींची उष्णता बाहेर काढायला गार हवेचं यंत्र चालू ठेवायचं. आणि पहिला दिवस दार बंद ठेवून झालं की पुढे सकाळ-संध्याकाळ ते सताड उघडून आतली हवा बदलायची. नाहीतर केळी आपल्याच धुरात गुदमरतात.

गुदमरली की काय होतं ते वसईच्या एव्हरशाईन सिटी वसाहतीतल्या एका वहिनींनी मला घरून करून आणून दाखवलं. सासूबाईंच्या उपासासाठी त्यांनी आमच्याकडून केळी नेली होती. चार दिवसांनी रिक्षातून उतरल्या त्या हातात प्लास्टिकचा मोठा डबा घेऊनच.

“मॅडम, वास घ्या. तुमच्या केळ्यांना चक्क ड्रिंक्सचा वास येतोय. सासूबाईंना उपासाला हे देऊ आणि सोबत चखना ठेवू का?”

मी वास घेतला. येत होता. “डबा हवाबंद आहे का?”

“एकदम टाइट. फ्रेश राहतं असं डब्यावर लिहिलंय.”

“ते फरसाणासाठी, वहिनी. फरसाण मेलेलं असतं.”

मग त्यांना समजावून सांगितलं. ऑक्सिजन संपला तरी पेशी जगायची धडपड सोडत नाही. साखर अर्धवट जाळते, मिळेल तेवढ्या चिमूटभर ऊर्जेवर भागवते आणि उरलेल्या अर्धवट जळक्यातून दारू तयार होते. ताडीत हेच चालतं, पावाच्या पिठातही हेच चालतं. पावाची दारू भट्टीत उडून जाते म्हणून आपण पाव बिनदिक्कत चहात बुडवून खातो. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग हे टाकून देऊ की ह्यांच्या मामांना देऊ?” मामांनी पुढच्या महिन्यात तसाच डबा भरून ठेवायची फर्माईश केल्याचं नंतर कानावर आलं.

आता मुख्य गोष्ट सांगते.

वसईजवळच्या आमच्या उमेळ्यात इनासकाकांची वाडी होती. विहीर, पानवेल, भाजी आणि बाकी सगळी केळ. काकांचे वडील वाडीतल्याच वखारीत पेंढ्यात केळी घालून धूर देऊन पिकवत. काकांच्या मनात आलं की आता नव्या तऱ्हेची खोली बांधायची. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी घरी बसले होते, माझं माहेर त्यांच्या बांधाला लागून. त्यांनी मला हाक मारली, “बाय, तू झाडांचंच शिकलीस ना? मग ये.” हीच माझी मुलाखत.

त्यांचे धाकटे भाऊ जुझेकाका मात्र खोलीच्या पहिल्या विटेपासून विरोधात होते. त्यांचं आयुष्य वसईची केळी मुंबईच्या बाजारात नेऊन विकण्यात गेलं होतं. आता शेजारच्या वाड्यांवर इमारती उठत होत्या, आणि आपलीही जागा एका बिल्डरला विकून मोकळं व्हावं असं त्यांना वाटे. वाडी दोघांच्या नावावर. रोज जेवताना वाद. शेवटी इनासकाकांनी शब्द दिला, “हा एक हंगाम खोली चालवून बघतो. नाही जमलं, तर तू म्हणशील तिथे सही करतो.” म्हणजे त्या हंगामात खोलीत केळी पिकत होती एवढंच नव्हतं. वाडी राहणार की जाणार, ते पिकत होतं. आणि हे मला, मुकादमाला, विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्या बायकांना, सगळ्यांना ठाऊक होतं.

सुरुवात काही बरी झाली नाही. पहिल्याच मालाच्या वेळी खोली छान गार झालेली बघून इनासकाकांनी दुपारी परस्पर यंत्र बंद केलं. गार झालेली खोली आणखी गार कशाला करायची, हा त्यांचा हिशेब. सकाळी दार उघडलं तर आतून चुलीसमोर बसल्यासारखी झळ आली. काका क्रेटांच्या मागे वाकून वाकून बघू लागले.

“आत कोनी शेगडी ठेवलीय का?”

“काका, आत हजारो केळी आहेत. प्रत्येकाची चूल पेटलेली आहे.”

काकांनी एक केळं उचलून उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, “दिसत तर नाय. जळण काय घालतात?”

“स्वतःचीच साखर.”

“म्हणजे आपलाच माल जाळतात आनि वर वीज आपन भरायची!” त्यांना हा सरळसरळ अन्याय वाटला. पण त्या दिवसापासून यंत्राला त्यांनी हात लावला नाही आणि खोलीच्या कामात पडले नाहीत.

आमचे मुकादम पास्कूमामा. माल उतरवणं, रचणं, राखण हे सगळं त्यांच्याकडे; दार उघडून हवा बदलायचं काम मात्र मी स्वतःच करायचे, का ते त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पण मुकादमी ही त्यांची पोटापुरती ओळख. खरी ओळख लग्नाचे आचारी म्हणून. उमेळ्यापासून राजोडीपर्यंत कोणाच्याही लग्नात त्यांची बिर्याणी असेल तर लोक आहेराआधी पंगतीची चौकशी करत. मामा आता नाहीत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दोघे-तिघे करतात, पण ती चव काही येत नाही.

नवरात्र तोंडावर आलं होतं. विरारच्या एका व्यापाऱ्याने उपासांसाठी अख्ख्या खोलीचा माल सांगून ठेवला. हंगामातली सर्वांत मोठी मागणी हीच. इनासकाकांनी आपल्या वाडीतले आणि शेजारच्या दोन वाड्यांतले लोंगर उतरवून खोली भरली. मी गॅस सोडला, दार लावलं. नेमका त्याच दिवशी नाशिकहून निरोप आला, बहिणीला दवाखान्यात नेलंय. यंत्र बसवणारा उत्तरेकडचा इंजिनिअर दुसऱ्या दिवशी येऊन पुढचं बघणार होता, म्हणून मी निर्धास्त निघाले. बहिणीला मुलगी झाली. इंजिनिअरची मात्र गाडी चुकली, आणि त्याने पास्कूमामांना फोन केला.

तो काय म्हणाला ते मी नंतर त्याच्याकडूनच ऐकलं. “मुकादमजी, गैस का काम हो गया. अब रूम को दम लेने दो. दिन में दो बार. भूलना नहीं.” खोलीला श्वास घेऊ द्या, इतकं साधं.

फोनवर खरखर होती. त्या खरखरीतून पास्कूमामांच्या कानापर्यंत तीन गोष्टी धड पोचल्या: रूम, दम, दिवसातून दोनदा. आणि ज्याने हयातभर बिर्याणी केली, त्याच्या लेखी दमाचा अर्थ एकच. झाकण घट्ट लावायचं, कडेने कणीक थापायची, वाफेचा एक धागासुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही.

मामांनी परातभर कणीक मळली. तिच्या लांबच लांब वळ्या केल्या आणि खोलीच्या दाराच्या चारी बाजूंनी बोटांनी दाबून दाबून बसवल्या. वर ओली गोणपाटं टाकली. संध्याकाळी ती कणीक सुकून तडकली, तर खरवडून नवीन लावली. दिवसातून दोनदा म्हणजे दोनदा. जुझेकाकांनी येता-जाता बघून विचारलंही, “पास्कू, हे काय चाललंय?” मामा म्हणाले, “साहेबाचा हुकूम हाय.” जुझेकाकांना खोली बिघडलेली हवीच होती, ते पुढे बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याला नमुना दाखवायचा म्हणून मामांनी एका बाजूची कणीक सोडवली आणि लाडकूला आत पाठवलं. लाडकू आमचा हमाल, खाऱ्या पाण्यात वाढलेला दांडगा गडी. आतला दिवा गेला होता. त्याने काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मग त्याची छाती कोंडली, डोकं गरगरलं, आणि तो धडपडत बाहेर येऊन विहिरीपाशी बसला.

“आत कोन तरी हाय,” तो म्हणाला. “छातीवर बसला माझ्या. काडी फुंकली त्यानं.”

पास्कूमामांनी ताबडतोब दार लावलं आणि भूत बाहेर पडू नये म्हणून पुन्हा कणीक थापली.

बातमी पसरवायचं काम जुझेकाकांनी हौसेने केलं. हमालांनी आत पाऊल टाकायला नकार दिला. संध्याकाळी व्यापारी यायचा होता. इनासकाकांचा भुतावर विश्वास नव्हता, पण फादरवर होता. त्यांनी फादरना बोलावलं.

मी नाशिकहून आले ती नेमकी याच वेळी. रिक्षातून उतरले तर वाडीत लग्नासारखी गर्दी. दारापुढे फादर उभे, हातात मेणबत्ती. दार जेमतेम वीतभर उघडलेलं. फादरांनी प्रार्थना म्हटली आणि मेणबत्ती उंबऱ्यावर ठेवायला वाकले. मेणबत्ती विझली. गर्दीतून ‘हं’ असा आवाज आला. फादरांनी उभं राहून ती पुन्हा पेटवली. चांगली तेवत राहिली. वाकले, विझली. पुन्हा उभे राहिले, पेटवली, तेवली. वाकले, विझली.

मागून एक म्हातारी म्हणाली, “बुटका दिसतो. खालीच फुंकतो.”

फादर ताठ उभे राहून मेणबत्तीकडे बघत होते. मीही बघत होते. आतली गार, जड हवा दाराच्या फटीतून जमिनीलगत बाहेर वाहत होती, आणि तिच्यात ज्योत जगायला पुरेसा ऑक्सिजन नव्हता. मग माझं लक्ष दाराच्या कडेला गेलं. हात लावून बघितलं. कणीक!

त्या क्षणी मला हसू आलं नाही. काडी जिथे विझते तिथे माणूसही विझतो, आणि लाडकू तिथे आत जाऊन आला होता. “सगळे मागे व्हा!” मी ओरडले आणि दार दोन्ही हातांनी ओढून सताड उघडलं.

पास्कूमामा दोन्ही हात पसरून धावत आले. “बाय, उघडू नको! वाफ जाईल!”

मग दम कोणी सांगितला, काय सांगितला, त्याचा उलगडा झाला, आणि लाडकू आणि पास्कूमामा सोडून सगळे हसत सुटले. लाडकूला भूतच बरं वाटत होतं. कणकेने छातीवर बसणं त्याला कमीपणाचं वाटलं. फादरांनी विचारलं, “आता मी आशीर्वाद कोणाला देऊ? केळ्यांना की पिठाला?” पास्कूमामा दाराशीच उभे होते. मला हळूच म्हणाले, “पन बाय, दम चांगला बसला होता. कुठनं गळत नव्हता.” ते खरंच होतं. इतकं हवाबंद दार त्या इंजिनिअरलाही जमलं नसतं.

हसणं ओसरल्यावर मी क्रेट बघितले. केळी हिरवीच होती. चूल पेटायला हवा नाही, कोंडलेला धूर वरून, मग पिकणार कशी? बिचाऱ्यांनी श्वास धरून दोन दिवस काढले होते. क्रेटाक्रेटाला नाक लावलं. मागच्या कोपऱ्यातल्या थोड्यांना दारूचा वास होता, बाकीची ठीक होती. पण संध्याकाळी व्यापारी आला, त्याने एक फणी उचलून बघितली, ठेवली आणि रिकामा टेंपो घेऊन गेला. त्याला दुसऱ्या दिवशी पिवळी हवी होती. त्याचंही बरोबर होतं.

इनासकाका विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मला जवळ बोलावून म्हणाले, “बाय, शब्द म्हंजे शब्द. जुझेला सांग, रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर त्या बिल्डरच्या मानसाला बोलव.” मला रडू फुटत होतं. मी खोलीत गेले, पंखे लावले, यंत्र लावलं आणि सकाळ-संध्याकाळ दार उघडत राहिले. कोणासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. केळी जिवंत होती, म्हणून.

रविवारी सकाळी दार उघडलं आणि वास थेट बांधापर्यंत गेला. सगळी खोली पिवळीधमक. मिस्सेला निघालेले जुझेकाका वासाने आत आले. एक सोलून खाल्लं. मग दुसरं. तिसरं खाता खाता इनासकाकांना म्हणाले, “आता ह्याचं काय करनार?”

“काय करनार? गिऱ्हाईक गेलं. गुरांना घालू.”

“गुरांना?” जुझेकाका लालबुंद झाले. “बाबाच्या वाडीची केळी, गुरांना?”

त्यानंतर त्यांनी भावाशी एक शब्दही बोलण्यात वेळ घालवला नाही. टेंपो आणला, मावतील तेवढे क्रेट भरले, पास्कूमामांना मागे बसवलं, मला पुढे, आणि मिस्सा सुटायच्या वेळी चर्चच्या फाटकाबाहेर गाडी लावली. बाजारातला तो जुना आवाज त्यांनी किती वर्षांनी काढला असेल कोण जाणे. “भुताची केळी! फादरनी सोत्ता बघितलेली! पास्कूच्या दमातली केळी!” भुताची गोष्ट गावोगाव पोचली होतीच. लोकांनी टेंपोला गराडा घातला. पास्कूमामांना सगळे दमाबद्दल विचारत होते आणि ते गंभीर चेहऱ्याने कणीक किती सैल भिजवावी ते सांगत होते. फादरांनीही दोन फण्या नेल्या. जाताना मला म्हणाले, “मेणबत्तीजवळ नाही ठेवत.” तासाभरात टेंपो रिकामा झाला.

परत आलो तर वाडीत पांढरी गाडी उभी. बिल्डरचा माणूस बांधावर उभा राहून जागा नजरेखालून घालत होता, सोबतचा दुसरा मोजायची टेप उलगडत होता. इनासकाका त्यांच्याजवळ मान खाली घालून उभे होते. खोलीचं दार उघडंच होतं, निम्मा माल अजून आत होता.

“जागा एकदम क्लिअर आहे ना?” त्या माणसाने जुझेकाकांना विचारलं. “कोणी कूळबीळ?”

जुझेकाकांनी खिशातल्या नोटांवर हात ठेवला, भावाकडे बघितलं, मग खोलीकडे बघितलं.

“कूळ हाय,” ते म्हणाले.

तो माणूस दचकला. जमीन कसणारं कूळ कायद्याने हलवता येत नाही, म्हणून त्याचं नाव काढलं की बिल्डर काय आणि वकील काय, सगळे एक पाऊल मागे सरतात. “किती जण आहेत?”

“हजारांनी हाईत. त्या खोलीत राहतात. दिवसरात श्वास घेतात. निघायला तयार नाहीत.”

“काय बोलताय काका? मॅडम, तुम्ही इथल्या सुपरवायझर ना? हे काय?”

“खरं आहे,” मी म्हटलं. “श्वसन व्यवस्थित चालू आहे.”

जुझेकाकांना आता जागा विकायची नाही, एवढं त्यांना कळलं, आणि टेपवाल्याने टेप गुंडाळली. गाडी धूळ उडवत गेली. इनासकाका जिथे उभे होते तिथेच खाली बसले आणि तोंडावर रुमाल धरून लहान पोरासारखे रडायला लागले. जुझेकाका त्यांच्याजवळ उकिडवे बसले आणि वैतागून म्हणाले, “रडतो काय? पुढचे लोंगर कधी उतरवायचे ते सांग. टेंपो उभा हाय.”